मागचा उजवा पाय

२ मार्च

दुपारी पत्र आलं. आपल्या प्रदेशातल्या घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळावी, असा अर्ज अश्वपालक संघाने एकवीस वर्षांपूर्वी केला होता. त्याच्या तपासणीसाठी १९ एप्रिलला परीक्षक येत आहेत. अध्यक्षांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "आपण असा अर्ज केला होता?" मी कपाटातून फाइल काढून दाखवली. तीनशे बारा पानं आहेत. तिच्यावर इतकी धूळ होती की अध्यक्ष दारापर्यंत मागे सरकले. अर्ज करणारे सचिव वारले, त्यांच्यानंतरचे घोडे सोडून मधमाश्यांकडे वळले, आणि त्यांच्यानंतरचा मी.

मान्यता मिळाली तर प्रश्नच नाही. नाही मिळाली तर संघ शेजारच्या मोठ्या संघात विलीन होणार, आमच्या एक्केचाळीस घोड्यांच्या कागदांवर 'मिश्र, मूळ अज्ञात' असा शिक्का बसणार, आणि हे कार्यालय, म्हणजे एक खोली, एक कपाट, एक पाटी आणि मी, बंद होणार. पाणीपुरवठा खात्यातली कायमची नोकरी सोडून मी इथे आलो त्याला चौदा महिने झाले. बायकोने त्या विषयावर अजून अवाक्षर काढलेलं नाही. त्यावरूनच तो तिच्या चांगला लक्षात आहे हे मला कळतं.

३ मार्च

फाइल वाचून काढली. आमचे घोडे रंगाने सगळ्या रंगांचे, उंचीने सगळ्या उंचीचे. वेगळेपण एकच. माणूस जवळ येऊन उभा राहिला की आमचा घोडा मागचा उजवा पाय उचलतो आणि तसाच धरून ठेवतो. दुसऱ्या कोणत्याही प्रदेशात हे आढळत नाही. फाइलमध्ये याला 'दक्षिण-पश्चपाद-उत्थापन' म्हटलं आहे आणि त्याचं कारण चाळीस पानांत दिलं आहे: पूर्वज थंड पाण्याची खडकाळ नदी ओलांडत, तेव्हा एकेक पाय उचलून विसावा घेत. नेहमी उजवाच का, हा 'पुढील संशोधनाचा विषय' आहे. संघाच्या पत्रांवर छापलेला घोडासुद्धा तीनच पायांवर उभा आहे. छापखान्यातून दरवेळी फोन येतो की चित्र अर्धवट आलंय.

फाइलमध्ये नाहीत ते आकडे. एकवीस वर्षांत कोणी मोजलेलंच नाही. पाणीपुरवठ्यात मी एकोणीस वर्षं मोजण्याशिवाय काही केलं नाही. म्हणजे योग्य माणूस योग्य जागी आहे.

आणखी एक रकाना रिकामा आहे: 'जातीचा मूळ नर'. अध्यक्ष म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या घोड्याचा फोटो आहे, तोच लावू. फोटो आणला. ते खेचर निघालं.

७ मार्च

मोजणीला सुरुवात. घोडे कुठे कुठे आहेत हे मला ठाऊक नाही, म्हणून नालबंद काकांना बरोबर घेतलं. वय एकाहत्तर. गेली चव्वेचाळीस वर्षं या प्रदेशातल्या प्रत्येक घोड्याला नाल मारणारे तेच. दुसरा कोणी नाहीच.

नऊ घोडे पाहिले. नवांनी पाय उचलला. शंभर टक्के. एकच त्रास, काकांचा खोकला. भट्टीच्या धुरामुळे जुनाच आहे, पण अगदी घोड्याजवळ गेलं की हमखास सुरू. त्यामुळे माझं दोनदा मोजताना चुकलं. घोडा पाय किती वेळ धरतो हे मी घड्याळावर बघत होतो, तर काका मध्येच खुराला हात लावून "झालं, ठेव" म्हणाले आणि घोड्याने पाय ठेवला. त्यांना सांगितलं, काका, कृपा करून नैसर्गिक वर्तनात ढवळाढवळ नको.

वाटेत त्यांनी बरंच काही सांगितलं. डावा गुडघा वाकत नाही म्हणून काम नेहमी मागच्या उजव्या पायापासून सुरू करावं लागतं. आणि वाकायच्या आधी खोकून घ्यावं लागतं, नाहीतर वाकल्यावर उबळ येते आणि हातोडी बोटावर बसते. म्हातारी माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत.

९ मार्च

एकटा गेलो. सहा घोडे. एकानेही पाय उचलला नाही. एकाने पेन्सिल खाल्ली.

१३ मार्च

चार दिवसांत वीस घोडे, सगळे एकट्याने. शून्य. घरी येऊन तक्ता केला: शर्टाचा रंग, बुटाचा प्रकार, नाश्ता झाला होता की नाही, घोड्याच्या डाव्या बाजूने गेलो की उजव्या. कशाचाही मेळ बसेना. बायको पोस्टात काउंटरवर बसते, तिला रकान्यांची सवय आहे. ती तक्ता बघून म्हणाली, एवढ्या रकान्यांत तुम्ही स्वतःचं नाव लिहायचं तेवढं राहिलं. मी लिहिलं.

१६ मार्च

आज काकांना पुन्हा घेतलं. अकरा घोडे, अकरा पाय. निष्कर्ष स्पष्ट आहे: घोडा ओळखीच्या माणसाला मान देतो. अध्यक्षांना हे पटलं नाही. माहितीपत्रकात आपण 'परक्याला सलामी' असं छापलंय, म्हणाले. शिवाय त्यांचे स्वतःचे अकरा घोडे त्यांच्यासमोर पाय उचलत नाहीत, मग ते घोड्यांना परके आहेत की ओळखीचे? या प्रश्नावर बैठक तहकूब झाली.

१८ मार्च

काकांच्या मुलीचा फोन कार्यालयात आला. काकांकडे मोबाइल आहे, पण तो ते खिळ्यांच्या डब्यात ठेवतात आणि वाजला की डब्याचं झाकण लावतात. मुलगी मोठ्या शहरात असते. बाबांना कायमचं घेऊन जायचंय, म्हणाली. दोन वर्षं मागे लागलीय. इथे एकटे, भट्टीचा धूर, तो खोकला. कधी भट्टी दुरुस्तीला काढलीय म्हणतात, कधी कुणाची घोडी विणार आहे म्हणतात. "घोडी विते तेव्हा नालबंदाचं काय काम, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, काही नाही. संघाचा सचिव म्हणून मला अचूक माहिती देणं भाग होतं.

काकांना निरोप दिला. ते कितीतरी वेळ एक वाकडा खिळा सरळ करत बसले. मग म्हणाले, सहाव्या मजल्यावर राहते. खिडकीतून दुसऱ्या खिडक्या दिसतात.

मी म्हटलं, उजेड चांगला असेल.

२२ मार्च

काकांना डॉक्टरकडे नेलं. माणुसकी म्हणून, आणि शिवाय अंतिम मोजणी शांततेत व्हायला हवी. परीक्षकांसमोर हे खोकत बसले तर संघाची शोभा. डॉक्टरने पंधरा दिवस भट्टी बंद करायला सांगितली, दोन वेळा वाफ आणि काळपट रंगाचं एक औषध. काका म्हणाले, चव्वेचाळीस वर्षं सोबत आहे, असू द्या ना. तरीही बायकोने त्यांच्यासाठी वाफेचं भांडं पाठवलं. औषधाच्या वेळा मी स्वतः कागदावर लिहून त्यांच्या भिंतीला चिकटवल्या.

३० मार्च

भट्टी बंद असल्यामुळे काका रोज कार्यालयात येऊन बसतात. खोकला निम्म्याने कमी. आज विचारत होते, तुमच्या त्या नियमांच्या पुस्तकात नालबंदाबद्दल काही आहे का? म्हणजे त्याला गाव सोडता येतं की नाही, वगैरे. मी पुस्तक उघडून दाखवलं: नालबंदाचा उल्लेखच नाही. सगळे नियम घोड्यांसाठी. उदाहरणार्थ नियम चौदा: मान्यता तात्पुरती असेल तोवर जातीचा मूळ नर प्रदेशाबाहेर नेता येत नाही.

"चांगलं आहे घोड्याचं," काका म्हणाले.

५ एप्रिल

खोकला पूर्ण गेला. डॉक्टर खूश, मी खूश. मुलीला फोन करून कळवलं. ती तर रडायलाच लागली. बाबा प्रवासाला फिट आहेत ना, विचारलं. मी म्हटलं, ठणठणीत. तिने वीस एप्रिलचं तिकीट काढलं. तपासणीच्या दुसऱ्या दिवशीचं, कारण मोजणीला काका लागणार हे मी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

८ एप्रिल

अंतिम मोजणी, काकांसह. संपूर्ण शांतता. चिटपाखरूही खोकलं नाही. सतरा घोडे. शून्य.

१० एप्रिल

उरलेले चोवीस. शून्य. काका प्रत्येक घोड्याजवळ नेहमीच्या जागी उभे राहत होते. घोडे त्यांच्याकडे वळून बघायचे, वाट बघितल्यासारखे, आणि पाय काही उचलायचे नाहीत. एका म्हाताऱ्या घोडीने तर त्यांचा खांदा हुंगला. घोड्यांना झालंय काय, मी विचारलं. काका म्हणाले, त्यांना काही झालेलं नाही.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, थांबली. "काका खोकतात का अजून?" प्रश्न विषयाला सोडून होता, पण तिला त्यांची काळजी आहे हे बरं वाटलं. सांगितलं, अजिबात नाही, औषध लागू पडलं. यावर तिने सुरी खाली ठेवली आणि तोंडावर पदर धरून आत गेली. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. नोकरीची चिंता तिलाही आहे तर. मी आत जाऊन धीर दिला. त्याने आणखीच वाढलं.

१२ एप्रिल

तातडीची बैठक. अध्यक्षांचं मत: चाऱ्यात काहीतरी आहे. सर्व घोडेमालकांना परिपत्रक पाठवायचं ठरलं: 'आपापल्या घोड्यांना त्यांच्या जातिवैशिष्ट्याची जाणीव करून द्यावी.' ती कशी करून द्यायची हे ठरायच्या आत चहा आला.

१५ एप्रिल

परिपत्रकाचे परिणाम. एका मालकाने घोड्यासमोर स्वतः पाय उचलून दाखवला आणि पडला. एकाने माहितीपत्रक घोड्याच्या ठाणावर चिकटवलं, घोड्याने खाल्लं. अध्यक्ष रोज सकाळी आपल्या अकरा घोड्यांसमोर अर्धा तास उभे राहतात. म्हणाले, फरक पडतोय, आता घोडे माझ्याकडे बघत तरी आहेत.

१८ एप्रिल

उद्या. टेबल, चादर, पाण्याचा तांब्या, फाइल. बायकोने सकाळी डबा देताना सांगितलं, "अहो, ती फाइल पुसू नका." का, विचारलं तर म्हणे जुनी वस्तू जुनीच दिसावी. मी ती पुसणारच होतो. राहू दिली.

काका संध्याकाळी कार्यालयात येऊन गेले. पिशवी भरून तयार होती, दाखवली. दोन सदरे, हातोडी, आणि तळाशी अर्धा डबा खिळे. शहरात खिळे कशाला, मी विचारलं. त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं.

१९ एप्रिल

घाईत लिहीत नाही. नीट लिहितो.

मैदानावर एक्केचाळीस घोडे रांगेत. परीक्षक बाई दहा वाजता आल्या. पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत बूट, बोलणं मोजकं. पहिल्या घोड्यापासून शेवटपर्यंत चालत गेल्या. एकाही घोड्याने पाय उचलला नाही. परत चालत आल्या. अध्यक्षांनी नदी ओलांडणाऱ्या पूर्वजांबद्दल भाषण सुरू केलं. बाईंनी हात वर करून ते थांबवलं आणि माझ्याकडे आकडे मागितले.

मी तक्ता दिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "नालबंदासह मार्चमध्ये शंभर टक्के, नालबंदासह एप्रिलमध्ये शून्य. मध्ये काय झालं?" मी सांगितलं, काहीच नाही. "हा नालबंद कोण?" मी काकांकडे बोट केलं. ते रांगेच्या पलीकडे पिशवी पायाशी ठेवून उभे होते. आज सगळ्यांचा निरोप घ्यायला आले होते. बाईंनी त्यांना टेबलाशी बोलावलं, ते पिशवी घेऊन आले. मग मला विचारलं, मूळ अर्ज कुठे आहे.

तीनशे बारा पानं मी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटली. एकवीस वर्षांची धूळ एकदम वर उठली. अध्यक्ष दिसेनासे झाले. आणि त्या धुळीतून काकांचा खोकला ऐकू आला. जुना, छातीच्या तळापासूनचा, थांबता न थांबणारा.

एक्केचाळीस घोड्यांनी मागचा उजवा पाय उचलला.

सगळ्यांनी एकदम. कोणी कोणाकडे बघितलं नाही. सबंध रांग तीन पायांवर. मी घड्याळ काढलं. दोन मिनिटं झाली, चार झाली, पाय खाली येईनात. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते म्हणाले धुळीमुळे.

बाई हळूच म्हणाल्या, "आता हे खाली कोण ठेवणार?"

काका निघाले. पहिल्या घोड्यापाशी गेले, खुराला हात लावला. "झालं, ठेव." घोड्याने पाय ठेवला. दुसरा. तिसरा. डावा गुडघा वाकत नसल्यामुळे प्रत्येक वेळी ते एका हाताने घोड्याच्या मांडीला धरून झुकत होते. परीक्षक बाई त्यांच्या शेजारून चालत होत्या. काहीतरी बोलणं चाललं होतं. मला ऐकू आलं नाही, मी वेळा मोजत होतो. मध्ये एकदा बाईंनी वळून टेबलाशेजारच्या पिशवीकडे पाहिलं. विसाव्या घोड्यापाशी काका जरा थांबले, बाईंनी त्यांना बाटलीतलं पाणी दिलं. एक्केचाळीसाव्या घोड्याने सर्वांत जास्त वेळ पाय धरला: छत्तीस मिनिटं. हा आकडा कुठल्याही प्रदेशात नाही.

मग बाईंनी विचारलं, शिंगरं कुठे आहेत. पाच शिंगरं आणली. काका खोकले. शिंगरं उड्या मारत राहिली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निकाल डाकेने येईल म्हणून निघून गेल्या.

२० एप्रिल

बायकोने मला समजावून सांगितलं. खोकला, मग मागचा उजवा पाय, चव्वेचाळीस वर्षं. एक तास लागला, कारण मी नदीचा मुद्दा सोडत नव्हतो. शेवटी तिने स्वतः खोकून दाखवलं आणि काय आश्चर्य, दीड महिना काकांबरोबर हिंडल्यामुळे की काय, माझा पाय हलला. त्यानंतर मी वाद घातला नाही.

म्हणजे जात मी बरी केली. स्वतःच्या हाताने, दोन वेळा वाफ देऊन.

काका आजच्या गाडीने गेले नाहीत. निकाल बघून जातो म्हणाले. तिकीट फुकट गेलं म्हणून मुलगी फोनवर माझ्यावरच चिडली.

४ मे

निकाल आला. तो मी इथे उतरवून ठेवतो.

'वैशिष्ट्य आनुवंशिक आहे काय? नाही. प्रदेशाबाहेर आढळते काय? नाही. प्रदेशातील सर्व प्रौढ घोड्यांत आढळते काय? होय, मी स्वतः मोजले. सबब पाच वर्षांसाठी तात्पुरती मान्यता.'

कार्यालय राहिलं. पाटी राहिली. अध्यक्षांनी मला मिठी मारली आणि मग छापखान्याला फोन करून सांगितलं की चित्र पूर्ण आहे.

पण निकालात एक गंभीर चूक आहे. 'जातीचा मूळ नर' या रकान्यात परीक्षक बाईंनी नालबंद काकांचं नाव लिहिलं आहे. वय एकाहत्तर, सशक्त. खाली लाल शाईत: 'नियम चौदा कसोशीने पाळावा.'

घाईत रकाना चुकला असणार. दुरुस्तीचं पत्र लगेच तयार केलं आणि टाकायला बायकोच्या काउंटरवर नेलं. तिने पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हे पत्र या पोस्टातून जाणार नाही." मी म्हटलं, तसं करता येत नाही, ती सरकारी सेवा आहे. तिने खिडकीची फळी लावली.

५ मे

काकांना निकाल वाचून दाखवला आणि चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्यांनी मला तो भाग पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्यांदाही. मग नियम चौदा वाचायला लावला. मग निकालाची शिक्क्यासह प्रत मागितली, मुलीला पाठवायला.

खिळ्यांच्या डब्यात मोबाइल वाजत होता. त्यांनी झाकण काढलं, फोन कानाला लावला आणि म्हणाले, "अगं, मला येऊ देत नाहीत."

भट्टी उद्यापासून सुरू. चिमणी उंच करून घ्यायची, असं बायकोने बजावलंय. फार उंच नको, असं अध्यक्षांनी.

२ मार्च

वर्ष झालं. मान्यता टिकवायची तर मूळ नराचं वार्षिक तपासणीपत्रक भरून पाठवावं लागतं. दुरुस्तीचं पत्र अजून माझ्या खणात आहे. पत्रक कोरं पाठवता येत नाही, म्हणून आज टेप घेऊन भट्टीवर गेलो. मुलगी आली होती, सुट्टी काढून दुसऱ्यांदा. टेपचं दुसरं टोक तिने धरलं.

उंची: पाच फूट चार इंच. रंग: सावळा, पुढे पांढरा. दात: वरचे सात, खालचे नऊ. भोवरे: एक, टाळूवर, उजवीकडे. चाल: संथ, डावा पाय किंचित आखडलेला. खूर या रकान्यात काय लिहावं याची चर्चा झाली. मुलीने 'चपला झिजलेल्या' असं सुचवलं, ते लिहिलं. शिंगरांच्या प्रगतीपुढे लिहिलं: पाचपैकी तीन नाल मारण्याच्या वयाला आली, तिन्ही पाय उचलतात.

स्वभाव या रकान्याला मी थांबलो. मुलगी म्हणाली, "लिहा, हट्टी." काका म्हणाले, "लिहा, लिहा. खरंच आहे ते."

शेवटचा प्रश्न होता: येत्या वर्षात मूळ नरास प्रदेशाबाहेर नेण्याचा इरादा आहे काय? मी पेन मुलीकडे दिलं, कारण तो प्रश्न मालकासाठी असतो. तिने भट्टीकडे पाहिलं, दारात बांधलेल्या घोडीकडे पाहिलं. मग तिने 'नाही' लिहिलं आणि सही केली.

काका उठले, घोडीजवळ गेले आणि खोकले.